फोटोत न आलेला कापूस

बाबा, परवा नातीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. तिच्या कॉलेजच्या खो-खोच्या मुली भर दुपारी चुना मारलेल्या भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. भिंत अशी पांढरीशुभ्र, की तिच्यावरचे पोपडेसुद्धा मोजून घ्यावेत, आणि पोरींच्या तोंडाच्या जागी नुसते काळे डाग. नात म्हणाली, ओळख मी कुठली. मला ओळखता आली नाही, आणि चष्म्याचा काही दोष नव्हता. मी म्हटलं, अगं, भिंतीकडे पाठ नाही, तोंड करायचं असतं. ती हसली, आजीला काय कळतं फोटोतलं, असं. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला जाऊन आता माझं अर्धं आयुष्य झालं, पण हा विषय दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखा नाही.

वाशीमला बाजाराच्या तोंडाशी आपलं दुकान, आणि मागे दोन खोल्यांचं घर. त्यातली एक स्वयंपाकाची, आणि तिच्याच कोपऱ्यात काळा पडदा टाकून तुम्ही फोटोच्या काचा धुवायची जागा केलेली. आई म्हणायची, या घरात वरणालाही औषधाचा वास येतो, आणि ते खरंच होतं. तुम्ही आत असलात की उजेड नको म्हणून चुलीतला जाळ मागे ओढायचा, दार लावून घ्यायचं आणि भाकरी अर्धी कच्ची, अर्धी पक्की तशीच तव्यावर ठेवायची. अशा किती भाकरी आम्ही खाल्ल्या. तुम्ही बोलायचात कमी. दिवसभर गिऱ्हाइकांना 'हालू नका' सांगून तुमच्या वाट्याचे शब्द संपत असावेत, असं आई म्हणायची, आणि तुम्ही त्यावरही काही बोलायचा नाहीत.

त्या वर्षी मी मॅट्रिक झाले होते. मला अमरावतीला जाऊन पुढे शिकायचं होतं आणि मास्तरीण व्हायचं होतं. दुसरं काही मला दिसतच नव्हतं. कॉलेजात नाव घालणं अवघड नव्हतं, अवघड होतं ते राहण्याचं. तिथे मुलींचं एक वसतिगृह होतं, आणि आपल्याकडच्या जिनाचे, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे शेठ त्याच्या कमिटीवर होते. त्यांच्या शब्दाशिवाय आपल्यासारख्यांच्या पोरीला तिथे कोण घेतो? शेठ तुम्हाला म्हणाले होते, पोरीचं पाहू आपण. एवढ्या तीन-चार शब्दांवर मी पत्र्याची पेटी धुऊन उन्हात ठेवली होती. आपला हात त्यांच्या दगडाखाली होता, हे मला कळत होतं, आणि तुम्हाला तर माझ्याआधीच कळलेलं होतं.

त्याच हंगामात जिनातल्या मजुरांच्या संघाने हुतुतूत मोठा कप जिंकला. शेठ खूश. संघाचा फोटो काढायचा, मोठा करून ऑफिसात लावायचा, आणि मागे त्यांच्या कापसाचा ढीग दिसला पाहिजे, असा हुकूम आला. त्या वर्षीचा ढीगही तसाच होता म्हणा. माळ्यावर चढावं तसे मजूर शिडी लावून त्यावर चढत. तुम्ही पोरांना ढिगापुढे उभं केलं. ऊन डोक्यावर, मागे तो पांढरा डोंगर, आणि तुमचेही डोळे दिपले असणार, कारण उजेड पुरे झाला समजून तुम्ही भिंगावरचं झाकण लवकर लावलंत. एरवी उन्हात तोंडावरची सावली मारायला फ्लॅशची पूड पेटवता आली असती, पण जिनाच्या फाटकावर बिडी-काडीसुद्धा काढून ठेवतात, तिथे ती पूड कोण आत नेऊ देणार?

फोटो आला तो असा. कापसाचं बोंडन् बोंड दिसत होतं, कप चकाकत होता, आणि पोरांच्या बनियनींवर नुसती काळी मडकी ठेवलेली. शेठ मात्र बिघडले नाहीत. त्यांना कापूस झकास वाटला. म्हणाले, तोंडं जरा पेन्सिलीने उजळा आणि मोठा करून आणा. काचेवर पेन्सिल फिरवली की छापात तेवढी जागा उजळते, म्हणून तुम्ही काच घेऊन बसलातही. पण दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली, मानोऱ्याकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. अंगावर आरशांची ओढणी, हातभर चुडे, उन्हातून आलेली. तिचा मुलगा संघात होता. संघात पकड त्याचीच, असं सगळे सांगायचे. तिला फोटो पाहायचा होता. तुम्ही तो तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरला, मग जवळ घेतला, मग लांब. एकेका तोंडावर बोट ठेवत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"फोटोवाले भाऊ," ती म्हणाली, "माहा पोरगा यात कोणता हाय?"

रागाने नव्हे. तिला खरंच सापडत नव्हता. तुम्ही बोट दाखवायला पुढे झालात आणि थांबलात, कारण तुम्हालाही सांगता येईना. मी तिथेच होते. पाणी द्यायचं निमित्त करून मी आत गेले. ती गेल्यावर तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत आणि जिनात निरोप धाडलात, की फोटो पुन्हा काढतो.

यापुढचं थोडं माझं पाप आहे, म्हणजे गमतीने म्हणते. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने जाताना तुम्हाला इंग्रजी मासिकांचा गठ्ठा देऊन टाकला होता. त्यातल्या एका पानावर बर्फात उभे असलेले गोरे खेळाडू होते, आणि तुम्ही ते पान कित्येकदा उघडून बघायचात. त्या दिवशी तुम्ही ते माझ्यापुढे टाकलंत आणि वाचायला सांगितलंत. मी मॅट्रिकचं सगळं इंग्रजी पणाला लावलं. त्यात लिहिलं होतं, की बर्फाला पाठ देऊन खेळाडू उभे केले तर तोंडं काळी पडतात. बर्फ त्यांच्या समोर घ्या, म्हणजे त्याचाच उजेड खालून वर येऊन तोंडावर पडतो, आणि डोळ्यांखालच्या सावल्या निघतात. पाठीमागे काहीतरी गडद असू द्या. तुम्ही विचारलंत, बर्फ पांढरा म्हणजे किती पांढरा असतो? मला काय ठाऊक? मी बर्फ पाहिलेला तो सरबतवाल्याकडे, भुशात गुंडाळलेला. मी म्हटलं, असेल कापसाएवढा. तुम्ही मान हलवलीत आणि पान मिटलंत.

मग तो दिवस. शेठ अकोल्याला गेलेले. सामान धरायला आई आणि मीही तुमच्यासोबत जिनात आलो होतो. तुम्ही पोरांना ढिगासमोर बसवलंत, पण उलटे, तोंड ढिगाकडे आणि पाठीमागे डांबर लावलेल्या पत्र्याची शेड. कॅमेरा ढिगाच्या पायथ्याशी. तिवईचे पाय कापसात रुतायला लागले, म्हणून खाली फळ्या टाकल्या. जिनातल्या बायांनी टोपल्या आणून पोरांच्या पायांपुढे कापूस पसरला, आणि काय सांगू, एकेकाचं तोंड असं उमललं, की त्या बायाच चिडवायला लागल्या, आज सगळे नवरदेव दिसून राह्यले म्हणून. तांड्यावरची ती बाईही आली होती. मुलगा दिसावा म्हणून ती पुढे पुढे सरकायची, आणि तिच्या ओढणीच्या आरशांचे कवडसे पोरांच्या नाकांवर नाचायचे. कुणी डोळा मिटे, कुणी हसे. शेवटी आईने आपली पांढरी चादर तिच्या अंगावर टाकली, तेव्हा कुठे कवडसे थांबले. ती चादरीतून हसत होती आणि आईही.

पण मला हसू येत नव्हतं. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून बाहेर येऊन तुम्ही हळूच म्हणालात, शेठ विचारतील, कापूस कुठी हाय. मी म्हटलं, मग थोडा घ्या की कडेला. तुम्ही कॅमेरा थोडा तिरपा केलात. ढिगाची एक बाजू चौकटीत आली, पण त्यासाठी रांगही वळवावी लागली, आणि टोकाच्या पोरापर्यंत ढिगाचा उजेड न पोचून त्याचं तोंड पुन्हा काळं झालं. तुम्ही त्याला मध्ये बसवलंत, तर टोकाला आलेला दुसरा काळा पडला. कापूस हवा असेल तर कुणीतरी एक जण काळा होणारच होता. तुम्ही मला कापडाखाली बोलावलंत. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर सगळा संघ डोकं खाली, पाय वर, आणि कडेला कापसाची पांढरी पट्टी. छान दिसत होती ती. मी बाहेर येऊन म्हटलं, बाबा, असंच राहू द्या.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. ते पाहणं मला अजून आठवतं, कारण तुम्हाला माहीत होतं मी कशासाठी म्हणते आहे ते. मग तुम्ही कॅमेरा होता तसा सरळ केलात, रांग सरळ केलीत, आणि पोरांना म्हणालात, हालू नका.

फोटो आला तेव्हा वाशीमात तसा फोटो कुणी पाहिलेला नसेल. कपाळावरचा घाम, ओठावरची लव, एकाच्या भुवईतली जुनी खोक. काळे ते काळेच होते, सावळे ते सावळेच, पण प्रत्येक जण आपापला होता. शेठनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पाहिला. मी तुमच्यासोबत गेले होते, वसतिगृहाची आठवण करून द्यायला.

"फोटो चांगला हाय," शेठ म्हणाले, "पण आमचा कापूस कुठी हाय?"

"त्यायच्या तोंडावर हाय, शेठ," तुम्ही म्हणालात.

तुम्ही जन्मात एवढं नेमकं बोलला नसाल, आणि बोललात तेही नको तिथे. शेठ हसले नाहीत. त्यांनी फोटो नीट कागदात गुंडाळून परत दिला. वाईट माणूस नव्हता तो. चहा पाजला, आईची तब्येत विचारली. पण महिन्याभरात अकोल्याचा फोटोवाला आला, पोरांना ढिगावर चढवून फोटो काढून गेला, आणि वसतिगृहातून निरोप आला, की यंदा जागा भरल्या. फोटोचं नाव कुणी काढलं नाही, तुम्ही नाही, आईने नाही आणि मी तर मूग गिळूनच बसले. पेटीत आईने गहू भरले.

तुमचा फोटो दुकानात राहिला. तांड्यावरची बाई पोहरादेवीच्या यात्रेसाठी बाजार करायला आली, तेव्हा दुकानात आली. तुम्ही तिला फोटो दिला. या खेपेला तिने टोकापासून सुरुवातही केली नाही. सरळ त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा माहा." मग म्हणाली, नाक बापाचं आहे, हे आजच दिसलं. तुम्ही तो फोटो तिलाच देऊन टाकलात. तिने तो ओढणीत गुंडाळला आणि उन्हात चालायला लागली. तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहून ती वळेपर्यंत पाहत होतात. तुमचं इतकं निवांत तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. रिसोडकडचं घर, माणसं साधी, नवरा चांगला निघाला. मुलं झाली, शिकली. मी त्यांच्या वह्या तपासायची आणि शेजारच्या पोरांच्याही. लोक गमतीने मला मास्तरीणबाई म्हणायचे. माझं वाईट झालं असं म्हटलं तर देवालाही पटायचं नाही.

पण पाठवणीच्या दिवशी, मी बैलगाडीत बसल्यावर, तुम्ही चाकाजवळ आलात. सगळे रडत होते म्हणून कुणाचं लक्ष नव्हतं. तुम्ही विचारलंत, "माहा राग हाय काय तुले?"

मी नाही म्हटलं. तुम्ही चुकला असता, तर मी केव्हाच विसरून गेले असते. तुमचं बरोबर होतं, ते मला त्या काळ्या कापडाखालीच कळलं होतं, आणि तरी माझं अमरावती गेलं ते गेलंच. हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. राग होता, बाबा. आजही आहे, थोडा.