पाया पडू नका

पप्पा, आज मी आत्याच्या नव्या सुनेला आईच्या पाया पडू दिलं नाही. सगळ्यांसमोर. तुम्ही म्हणाल, ही? खरंय, नववीत शाळा सोडली ती पण वर्गात बाईंनी उभं केलं की माझी वाचाच जायची म्हणून.

आईला चारकोपला रिक्षाने उडवलं, नडगी मोडली. सध्या बाहेरून फ्रेम लावलीय, सळ्या कातडीतून थेट हाडात गेल्यात. उद्या दाखवायला न्यायचंय. सळ्यांची भोकं कोरडी असली तरच डॉक्टर आतून रॉड टाकणार. ओलं दिसलं तर नाही, कारण जंतू रॉडला जाऊन चिकटले की औषधाने पण निघत नाहीत. हे नर्सने सांगितलं, पण मला तुमच्यामुळे आधीच माहीत होतं. तुमच्या पायातल्या रॉडला पू धरला तेव्हा मी लहान होते. बघायला येणारा प्रत्येक जण तुमच्या पलंगावर बसायचा, मामा तर पट्टी उचलून बघायचा. त्यानेच झालं का, कोणाला माहीत. तुम्ही गेलात, तो वास अजून माझ्या नाकात आहे. म्हणून मी रोज साबणाने हात धुते, प्रत्येक सळी वेगळ्या गॉजने पुसते, तो गॉज हुंगते, बसते, परत उठून बघते. आई म्हणते, बस की गं जरा, सळ्या कुठे पळून जातायत.

तर आज सून वाकली आणि तिचा हिरव्या चुड्याचा हात सरळ फ्रेमकडेच. मी मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पाया पडू नका."

"बघा, बाईसाहेबांना तोंड फुटलं," आत्या म्हणाली. "आता मोठ्यांच्या पाया पण पडायचं नाही?"

"पडायचं. आधी रॉड टाकू दे."

सून बिचारी अर्धी वाकलेली, मग तिने लांबूनच हात जोडले. आत्या चहा न पिताच गेली. मला वाटलं आई चिडली. मग म्हणाली, टाकलाच आहेस तर तो चहा मला दे.

हे लिहिता लिहिता पण उठून बघून आले. कोरडं वाटतंय. पण काल पण वाटत होतं, आणि उद्या डॉक्टरांनी दाबून बघितलं तर?

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून सांगते. सळ्या पुसून झाल्या की आईच्या दुसऱ्या, चांगल्या पायाला मी रोज गुपचूप हात लावते. तिला वाटतं, चादर नीट करतेय.