दाराला चार बोटं फट

प्रति,
मा. सेवा अधिकारी,
घरगुती इंटरनेट जोडणी विभाग

विषय : मागच्या खोलीची तार भिंतीतून नेण्याचे काम थांबवणेबाबत.
संदर्भ : भिंतीला भोक पाडून मिळावे, असा याच अर्जदाराचा मागील अर्ज.

महोदय,

१. अर्जदाराची पत्नी मागच्या खोलीतून, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना इंटरनेटवरून खुणांची भाषा शिकवते. वायफाय त्या खोलीपर्यंत पोचेस्तोवर दमत असे. चित्र थिजे आणि पत्नीचा हात अर्ध्या खुणेतच अडके. एका आईने ‘जेव’ समजून मुलाला आठवडाभर ‘पळ’ अशी खूण केली. मुलगा आज्ञाधारक असल्याने पळतही होता. शिकणारे एकेक करून गळू लागले.

२. आपल्या तंत्रज्ञांनी येऊन मोजणी केली. बैठकीच्या खोलीत तारेवर वेग शंभर, मागच्या खोलीत वायफायवर जेमतेम अकरा. “लाइन चोख आहे साहेब, तुमच्या भिंती जाड आहेत,” असे सांगून त्यांनी दाराच्या चौकटीतून तार आत नेली. चित्र थिजणे तत्काळ बंद झाले, वर्ग पुन्हा भरला. मात्र तारेमुळे दार लागेना, चार बोटं उघडे राहू लागले. म्हणून संदर्भीय अर्ज.

३. दरम्यान पुढील प्रकार घडला. अर्जदाराचे सासरे याच घरी राहतात. त्यांना बरीच वर्षे कमी ऐकू येते, हे त्यांच्याखेरीज सर्वांना ठाऊक आहे. लेकीने खुणा शिकवू का विचारले, तेव्हा ते कडाडले होते, “मला सगळं ऐकू येतं! तुम्हीच पुटपुटता!” त्यानंतर बापलेकीत कामापुरतेच बोलणे उरले. तार आल्यापासून मात्र त्यांनी आपली खुर्ची घरातल्या बोळात, त्या फटीसमोर हलवली. “इथं वारा बरा लागतो,” म्हणाले. बोळात वारा नाही, हे अर्जदार जबाबदारीने नमूद करतो.

४. गेल्या रविवारी जेवताना सासऱ्यांनी लेकीकडे पाहून हाताने पाणी मागितले. खूण बिनचूक होती, असे पत्नीने नंतर सांगितले. पत्नी पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. अर्जदार बघायला गेला, तर ती रिकामा तांब्या धरून रडत होती.

५. तेव्हापासून दोघांच्या हातांना उसंत नाही. जेवताना ते अर्जदाराकडे पाहतात, हात हलवतात आणि खो खो हसतात. “काय झालं?” असे विचारल्यास पत्नी “काही नाही हो” म्हणते, आणि सासरे आपल्याला ऐकूच आले नाही असे दाखवतात.

६. सबब अर्जदाराने नाइलाजाने आपलीही खुर्ची बोळात टाकली आहे. परंतु सासरे रुंद आहेत व फट एकच आहे. तरी भिंतीचे काम कृपया रद्द करावे, आणि जमल्यास सध्याच्या तारेऐवजी अंमळ जाड तार बसवून मिळावी, ही विनंती.

आपला नम्र, व घरातील एकमेव अडाणी,
अर्जदार
(सही)
दिनांक : ९ मार्च

सोबत : फटीचे छायाचित्र. (त्यात सासऱ्यांचा गुडघा आला आहे. ते उठायला तयार नव्हते.)