कापलेल्या सीनमधला पोपट

रावेर, ३० एप्रिल २०२५

ज्योती,

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. सकाळी तुझ्या नावाची घागर भरली. दुपारी पुरणपोळीचं जेवण झालं. अमळनेरहून तुझा भाऊ प्रेमराज आणि भाची निकिता आले होते.

शेवटच्या दिवसांत तू त्या बुडत्या जहाजाच्या प्रेमकथेबद्दल बोलायचीस. पाणी चढत असताना म्हातारा स्वयंपाकी पिंजऱ्यातला पोपट सोडतो, असं सांगायचीस. आपण जळगावला पाहिलेल्या त्या सिनेमात पोपट नव्हता. सगळे म्हणाले, हिला भ्रम झालाय. त्याच वेळी तू म्हणालीस, "मला पुन्हा दवाखान्यात नेऊ नका. घरीच राहू द्या." मी ऐकलं. नंतर सारखं वाटायचं, भ्रमातल्या माणसाचं ऐकून मी तुला जाऊ दिलं.

आज जेवताना पोपटाचा विषय निघाला. प्रेमराज हसला. "दाजी, तो सीन खरंच शे ना. सिनेमातून कापलेल्या सीनची सीडी व्हती मन्हा दुकानमा. अक्का आखाजीले माहेरी उनी का तीच लावे. तुम्हाले काय माहीत, तुम्ही तं केळीच्या ट्रकमागे."

निकिताने तो सीन मोबाईलवर शोधून दाखवला. पोपट पांढरा होता. तूही पांढराच म्हणायचीस.

म्हणजे तू शुद्धीत होतीस. जे मागितलंस ते समजून मागितलंस. बऱ्याच महिन्यांनी छाती मोकळी झाली.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने गेले. उरलेल्या पोळ्या झाकून ठेवल्या. आता माझ्यापुरता चहा टाकतो.

चुडामण