सून मेटलच्या कॉन्सर्टला गेली

आई,

दीप्ती दूध पिऊन झोपलीय. उठली की नाचणीची पेज भरवा, रडली तर मांडीवर घेऊन थोपटा.

मी मुंबईला मेटलच्या, म्हणजे त्या कर्कश गिटारवाल्या गाण्यांच्या, कॉन्सर्टला जातेय, सकाळी परत येते. ह्यांना स्टेशनवरून फोन करून सांगते. तुम्हाला विचारलं असतं तर नकोच म्हणाला असतात, म्हणून सांगूनच जातेय. त्या गोंगाटात माझं डोकं शांत होतं, आई. दीप्ती पोटात असताना गेले, तेव्हा तिथल्या लांब केसांच्या पोरांनीच हात धरून माझ्याभोवती कडं केलं, कुणाचा धक्का लागू दिला नाही.

तेव्हा तुम्ही ‘विवळवेढ्याला देवीला गेलीय’ म्हणालात आणि शेजारच्या हर्षदाताई प्रसाद मागायला आल्या. या वेळी खरं सांगा. मला लाज वाटत नाही. तुम्हीही वाटून घेऊ नका.

अदिती