न मोजता लिहिलेले आकडे

बेलापूर, रविवार

तीर्थरूप आप्पा,

आधी पाया पडते, मग भांडते.

माझी तब्येत चांगली आहे. मामी पोटभर खाऊ घालते. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे लिहून कळवतेय.

अकरावी सायन्सला हेच कॉलेज लई भारी, असं तुम्ही गावभर सांगितलंत. अहो, वर्ग सुरू झाल्यापासून इथली प्रयोगशाळा एकदाही उघडलेली नाही! सर मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या देतात आणि त्यातले आकडे उतरवून घ्या म्हणतात.

मी नाही उतरवले. लंबकाच्या प्रयोगासाठी मामाच्या गोठ्यात दोरीला लोखंडी नट बांधून टांगला आणि घड्याळ लावून त्याचे झोके पाच वेळा मोजले. सरांनी माझ्या पानावर लाल काट मारली. "सगळ्या वर्गाचं उत्तर एक, तुझंच वेगळं कसं? इंजिनिअर व्हायचंय ना? मग शहाणपणा कमी कर." सगळे हसले.

मामा म्हणतो, मार्क मिळतात ना, मग गप बस. तुम्हीही तेच म्हणणार का?

डेअरीवाल्यानं यंत्र न लावताच दुधाचं फॅट लिहिलं, तेव्हा तुम्ही भरलेला कॅन उचलून घरी आणला होता. आईनं सगळ्या दुधाचा खवा केला. तुमच्या मागं मागं मीच चालत होते, आप्पा.

आईचा गुडघा कसा आहे?

पारनेरच्या कॉलेजात प्रयोग खरोखर करून घेतात; तिथं बदलून जायचा अर्ज सोबत पाठवतेय. त्यावर पालकाची सही लागते. तुमची सही मला हुबेहूब जमते. तरी जागा मोकळी ठेवलीय.

तुमचीच,
निकिता