जाताना आठ तास, येताना तीन

२ फेब्रुवारी

चि. ठकूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांनी पाठवलेलं विमानाचं तिकीट मिळालं. फोनवर तुला नाही म्हणवेना, म्हणून लिहिते. तुझ्या ऑपरेशनला मला काही येता येणार नाही. अगं, सकाळी नऊला निघून संध्याकाळी पाचला पोचायचं, म्हणजे आठ तास! माझी कंबर तुला ठाऊक आहे. परवा स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून सराव केला. सहाव्या तासाला कंबरेने हात टेकले.

येताना मात्र नऊला निघून बाराला परत, तीनच तास. यांनी लगेच कागद-पेन्सिल घेतली. अंतर चार हजार किलोमीटर. जाताना ताशी पाचशे, येताना ताशी तेराशे. जन्मभर घाटात बस चालवलेला माणूस! म्हणाले, जाताना चढ असणार. मला ते पटलंसुद्धा.

रागावू नकोस गं. तब्येतीला जप.

तुझी अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्काला ठकूचा सा. न.

पत्र वाचून इतकी हसले की गळ्यातली गाठ दुखायला लागली. भावजींना सांग, आकाशात घाट नसतो. आमची घड्याळं तुमच्यापेक्षा अडीच तास पुढे असतात. फोन करताना बरोबर लक्षात ठेवतेस, मग तिकीट वाचताना अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस? जाताना साडेपाच तास, येतानाही साडेपाच. मधे उठून फिरताही येतं. आणि सहा तास बसलीस हे तूच लिहून दिलंयस. आता कुठे पळशील?

थट्टा पुरे. खरं सांगू? मला फार भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे की नाही ते काढल्यावरच कळेल. घरात सगळ्यांसमोर मी धीट असते. तू असलीस तर रडता तरी येईल. ये ना गं.

तुझी, फक्त तुझीच, ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि शिलाई मशीन बंद करून लगेच लिहायला बसले. तुझ्यापासून काय लपवायचं? कंबरेचं निमित्त होतं. आईच्या ऑपरेशनला मी निघाले, तेही हातातलं लग्नाचं शिवण पुरं करून, एक दिवस उशिरा. पोचले तर दारात माणसं जमलेली. तेव्हापासून कुणाच्या आजारपणाला निघायचं म्हटलं की मी काहीतरी सबब काढते. वेडेपणा आहे, कळतं मला. पण तू तिकडे एकटी घाबरणार आणि मी इकडे काजं-बटणं करत बसणार, एवढी काही मी वेडी नाही.

तिकीट बदललंय. आदल्या दिवशी नाही, चांगली पाच दिवस आधी येते. अर्धवट कपडे गिऱ्हाइकांना परत केले. एक बाई फणकारली, फणकारू दे. हे स्वतः स्वयंपाक करणार म्हणतात. मला शेजाऱ्यांची काळजी वाटते.

विमानतळावर मेहुण्यांना एकट्यांना पाठवू नकोस. दगदग होईल वगैरे मी काही ऐकणार नाही. तू स्वतः ये आणि अगदी पुढे उभी राहा. दारातून बाहेर पडताच मला पहिली तूच दिसायला हवीस.

भेटीपर्यंत माया सांभाळून ठेव.

तुझी अक्का