पत्राच्या तळाची ओळ

प्रिय भाईकाका,

तुम्हाला पुन्हा कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हाच लिहिणं थांबवलं होतं, मग आता कशाला? पण परवा तुमचा विनय आला, छपाईआधीचे कागद माझ्यापुढे ठेवले आणि मला राहवेना. तुमच्या वर्षश्राद्धाला पुस्तक निघतंय. नवं विद्यापीठ कसं चालवावं, याविषयी तुम्ही पहिल्या कुलगुरूंना, म्हणजे मला, लिहिलेली पत्रं. प्रस्तावनाही मीच लिहायची म्हणे!

एका बैठकीत वाचून काढलं सगळं. काय थोर माणूस होता हो! ‘कुलगुरूंच्या दालनात राजकारणाने पाऊल ठेवू नये.’ ‘नेमणूक गुण पाहून व्हावी, गाव पाहून नव्हे.’ वाचता वाचता मलाच वाटायला लागलं, असा माणूस पाठीशी असताना या बाईने राजीनामा दिलाच का?

मग लक्षात आलं. छापलेलं प्रत्येक पत्र तुमच्या सहीपाशी संपत होतं.

तुमचं पत्र सहीपाशी कधी संपलं, भाईकाका? वर कडक इस्त्रीचं मराठी, मग सही, आणि सहीच्याही खाली मालवणीत एक ओळ. वरचं कुलगुरूंना, खालचं बायला. पप्पा आणि तुम्ही एका बाकावर शिकलात, म्हणून मी तुमची बाय. चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला तेव्हाही तुम्ही पहिल्या रांगेत होतात म्हणे, आणि पुण्याहून मला परत बोलावणारेही तुम्हीच. ‘हे विद्यापीठ तुझ्या हाती द्यायचं आहे,’ असं लिहिलंत, आणि खाली, ‘बाये, आपल्या मातीत येवक मुहूर्त कित्याक व्हयो?’

आले की मी! चालती नोकरी सोडून आले.

सुरुवातीला मला वाटायचं, वरचा मजकूर म्हणजे काम आणि खालची ओळ म्हणजे माया. ‘बाये, येळार जेवतंस मां?’ असं असायचं ना तिथे. हळूहळू तिथेच कोणाला घ्यायचं, कोणाला टाळायचं हे यायला लागलं. मी ते थट्टेवारी नेलं. वरच्या मजकुराप्रमाणे वागत राहिले. शेवटी आपल्या व्यवस्थापन परिषदेतल्या परब मास्तरांना माझी दया आली. ते म्हणाले, “बाई, तुमका अजून कळाक नाय? भाईंचा पत्र सहीच्या खाली सुरू जाता.”

तुम्ही तेव्हा कुठल्याच पदावर नव्हतात. आमदारकी नाही, मंत्रिपद नाही, विद्यापीठाच्या कुठल्या समितीवरही नाही. तीच तर गंमत! पदावरच्या माणसाला नाही म्हणता येतं. घरातल्या वडीलधाऱ्याला कसं म्हणायचं?

मी म्हटलं, एकदाच. मत्स्यशास्त्र विभागाच्या वेळी.

आठवतो तो विभाग? बंदरावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात मांडलेला. छप्पर गळायचं, भिंतीला खारं पाणी. पण रापण ओढायला माणसं किनाऱ्यावर उतरली की आमची मुलंही दोराला हात लावायची आणि जाळ्यात आलेल्या जिवंत मासळीवर शिकायची. वेळापत्रक घड्याळावर नव्हे, भरती-ओहोटीवर लावलेलं. तुम्ही स्वतः येऊन पाहिलंत, चप्पल हातात घेऊन वाळूतून फिरलात. ‘शिक्षण असे समुद्राच्या काठावर उभे राहिले पाहिजे,’ हे तुमचं वाक्य पुस्तकात आहे, ठळक अक्षरांत.

त्यानंतरच्या पत्रात वर लिहिलंत, ‘विभागाच्या नव्या इमारतीची जागा कुलगुरूंनी शैक्षणिक निकषांवर ठरवावी.’ आणि खाली? ‘बाये, समुद्र खंय पळान जाणा नाय. इमारत नांदगावाक होवंदे. माझ्या शब्दाचो मान रवाक व्हयो.’

तुम्ही तुमच्या माणसांना शब्द देऊन बसला होतात. हायवे आहे, स्टेशन आहे, मान्य. समुद्र आहे का हो तिथे?

मी तुम्हाला लांबलचक पत्र लिहिलं. किनाऱ्यावरच्या मुली घरचं मासळीचं काम आटोपून वर्गाला येतात, त्यांना रोज एवढ्या लांब कोण पाठवणार, असं विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही. नांदगावची तशीच ओळ परिषदेतल्या प्रत्येकाला मात्र गेली होती. बैठकीत माझ्या बाजूने एकही हात वर आला नाही. परब मास्तर मान खाली घालून म्हणाले, “भाईंचो शब्द मोडूचो कसो?” अध्यक्षांच्या खुर्चीत मी होते आणि बैठक चालवत होतात तुम्ही, घरी झोपाळ्यावर बसून!

राजीनामा दिला त्यावरचं तुमचं पत्र मात्र लगेच आलं. ‘आपला निर्णय आदरणीय आहे. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ सही. खाली कोरं. मी कागद उलटून पाहिला, भाईकाका. खरंच उलटून पाहिला. जन्मापासून ज्यांची बाय होते, त्यांनी मला ‘आपण’ केलं. एवढा राग होता तर शिवी द्यायची होती, आपल्या भाषेत!

ते पत्र पुस्तकात सगळ्यात पुढे घेतलंय. तुमच्या मनाच्या मोठेपणाचा नमुना म्हणून.

नांदगावची इमारत छान झाली आहे. फरशी चकचकीत, दारावर तुमचं नाव. बंदरावरून सकाळी टेम्पो जातो, बर्फाच्या पेटीतून मेलेली मासळी घेऊन. आमच्या वाडीतली सुनीता, रापणकराची पोर, पहिल्या वर्षात सगळ्यांच्या पुढे होती. दोन एसट्या बदलून काही महिने गेली, मग घरच्यांनी बंद केलं. आता ती हॉटेलात येणाऱ्या पर्यटकांच्या खोल्या आवरते. रस्त्यात भेटली की हसते. तिला तोंड मी दाखवायचं, आणि पुस्तक तुमचं निघायचं?

मी विनयला विचारलं, तळाच्या ओळी कुठे गेल्या? मी झेरॉक्स दिल्या तेव्हा तर होत्या. तो म्हणाला, “बाय, त्यो घरगुती ओळी. त्यो कित्याक छापूच्यो? भायल्यांका कळाच्यो नाय.”

“अरे, विद्यापीठ त्या ओळींनीच चलला,” मी म्हटलं.

 पोरगा वाईट नाही तुमचा. तुमच्यासारखाच बसतो, एक पाय मुडपून. जाताना म्हणाला, “बाबा तुका चेडू मानी होते. तरीय असा सगळा लिवतलंस?”

“म्हणानच लिवतलंय,” मी सांगितलं.

खोटं नाही बोलले. लेक मानणाऱ्याऐवजी परक्या माणसाने एवढं केलं असतं तर मी कोर्टात गेले असते आणि विसरून गेले असते. तुमच्यावरचा राग जात नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मी दार लावून रडले आणि रडतानाही तुमच्यावर चिडलेली होते. हे कसं मिटवायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतंत.

तर भाईकाका, वचन देते. प्रस्तावना लिहीन. पहिलं वाक्य तयार आहे: ‘या माणसाने मला विद्यापीठ दिलं, आणि ते चालवू दिलं नाही.’ दोन्ही गोष्टी छापायच्या, पत्रं अगदी शेवटच्या शब्दापर्यंत छापायची. ते जमणार नसेल तर मूळ कागद माझ्याच कपाटात राहतील, छापायला माझा होकारही मिळणार नाही आणि वर्षश्राद्धाला पुस्तकाविना जेवणं होतील. तुमचा देव करायला बरेच जण टपलेत. मी हयात आहे तोवर तुम्हाला माणूसच राहावं लागेल.

तुमचीच बाय,
सेलिन